वायरच्या तुकड्याचे पाचशे रुपये

जुन्या गाडीचं सेंट्रल लॉकिंग बिघडलं की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं. "साहेब, मोटार गेली. बदलून टाकू." मोटार बदलली जाते, चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग "युनिट गेलं". मग "पूर्ण किटच नवीन टाका ना, दोन रिमोटपण मिळतील". आपण म्हणतो, गॅरेजवाला लबाड आहे. माझं मत वेगळं आहे. त्याला असं वागायला आपणच शिकवलंय.

आधी बिघाड सांगतो, मग भांडतो.

आमच्या घरी बाबांची एक फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. वय वर्षं १८. (कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच.) रिमोट दाबला की तीन दारं आणि मागचं दार 'खट्' करून बंद होणार, ड्रायव्हरचं मात्र उघडंच. गंमत म्हणजे तेच दार उघडं ठेवून रिमोट दाबला तर मोटार शहाण्यासारखी चालायची! दार लावलं की गप्प. या एका वाक्यात अख्खं निदान आहे, पण दोन मोटारी आणि एक युनिट बदलून होईपर्यंत ते कोणी ऐकूनच घेतलं नाही. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "विकून टाकू." पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० रुपयांवरून ५००० झाली, तीही त्यांनी कुरकुर न करता भरली होती. इंजिन ठणठणीत, गिअर ठणठणीत, आणि गाडी जाणार कशापायी, तर एका कुलपापायी!

आता हे कुलूप चालतं कसं? अगदी सोपं आहे हो. प्रत्येक दारात १२ व्होल्टची एक छोटी डीसी मोटार असते. तिला दोन वायरी. युनिट त्यातून सेकंदाच्या आत संपणारा एक झटका पाठवतं. प्लस-मायनस एका बाजूने दिलं की लॉक, उलटं दिलं की अनलॉक. ड्रायव्हरच्या दारात बहुतेक वेळा आणखी तीन वायरी असतात, त्या फक्त चुगली करतात, म्हणजे किल्ली फिरवली की युनिटला सांगतात की बाकीच्यांनाही हलव. बस्स. पाच वायरी, एका कागदावर मावणारं सर्किट.

या वायरी बॉडीतून दारात जातात त्या बिजागरीपाशी असलेल्या घड्यांच्या रबरी नळीतून. दार उघडलं की वाकतात, लावलं की सरळ होतात, किंवा उलट. ड्रायव्हरचं दार सगळ्यांत जास्त वेळा उघडतं. दिवसातून नुसतं दहा वेळा धरलं तरी १८ वर्षांत ६५ हजारांच्या वर! तांबं शेवटी थकतंच. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतली तार तुटते. दार एका कोनात असलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात, लावलं की लांब जातात.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागे बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याने हे शोधलं. मी शेजारी टॉर्च धरून उभा. त्याने मल्टिमीटर काढलाच नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच हत्यार. मोटारीचा कनेक्टर काढून तिथे बल्ब लावला. दार पूर्ण उघडं, रिमोट दाबला, बल्ब लख्ख चमकला. दार अर्धं लोटलं, बल्ब कसाबसा लुकलुकला. आणखी लोटलं, काहीच नाही. "वायर गेलीये, मोटार नाय."

बल्बच का, हे मला फार आवडलं. डिजिटल मीटर वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. पंचवीसातली एकच तार शिल्लक असली तरी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवेल. शिवाय तो झटका इतका छोटा, की आकडा स्थिर व्हायच्या आत संपतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि मागितल्यावर खरं काय ते कळतं. एका युजरवर धावणारं आणि शंभरांवर झोपणारं ॲप्लिकेशन ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीतही डोकं होतं. बॅटरीचा मायनस काढला, रबर सोडवलं. तुटल्या जागीच सोल्डर केलं असतं तर तिथे वायर कडक होऊन शेजारी पुन्हा तुटली असती. म्हणून वाकणारा सगळा तुकडा काढून बारीक तारांची नवी वायर टाकली, एक जोड दाराच्या आत, दुसरा बॉडीच्या आत. वाकण्याच्या जागी जोडच नाही. त्याच रबरात पॉवर विंडोच्या जाड वायरीही होत्या, त्यातल्या एकीचं प्लास्टिक फाटलेलं. ती बॉडीला टेकली असती तर फ्यूज उडाला असता, आणि मग कुणीतरी मोठा फ्यूज ठोकून "झालं काम" म्हटलं असतं. गाड्यांना आगी अशाच लागतात.

त्याने ५०० रुपये मागितले. बाबा उखडले. "वायरच्या तुकड्याचे पाचशे?" याच बाबांनी त्याआधी दोन मोटारी आणि युनिटचे याच्या कितीतरी पट पैसे मुकाट्याने दिले होते, कारण हातात खोका मिळत होता. खोक्याचे पैसे देताना आपल्याला काही वाटत नाही, शोधण्याचे देताना वाटतं. मग गॅरेजवाल्याने शोधावं तरी कशाला? तासभर डोकं लावून "कनेक्टर सैल होता" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याच्या हातावर आपण पन्नासची नोट ठेवतो, आणि न बघता मोटार बदलणारा मार्जिन कमावतो. आणि हे करतो कोण? तर हिंजवडीत बसून दोन दिवस बग शोधायचा, एक ओळ बदलायची आणि क्लायंटला सोळा तासांचं बिल लावायचं, असं करणारे आपण!

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारगाड्याही आल्या. चांगलंच आहे. मॅन्युअल आणि पार्ट मिळायलाच हवेत. पण मॅन्युअल वाचून विचार करणाऱ्याच्या तासाचे पैसे कुठली समिती देणार? नव्या गाड्यांत तर लॉकचा हुकूम नेटवर्कवरून डेटा म्हणून जातो, स्कॅनरशिवाय पान हलत नाही. तिथेही शेवटची मोटार तांब्याच्या वायरीवरच चालते, आणि दारांच्या वायरी वाकतात त्याच रबरातून.

म्हणून हल्ली मी गॅरेजमध्ये आधीच सांगतो, "बघायचे वेगळे पैसे देतो, पार्ट लागला तरच टाका." पहिल्यांदा ऐकलं की लोक संशयाने बघतात. बाबा अजून त्या पाचशेचं नाव काढतात. पण विकायचं नाव काही काढलेलं नाही, आणि मागच्या डाव्या दाराची काच थोडी अडखळते आहे म्हणून कालच मला विचारत होते, नाना पेठेतला तो माणूस रविवारी असतो का?