महाधमनीची दुरुस्ती, मूत्रपिंडांची राखण

पोटातील महाधमनीची भिंत दुर्बल होऊन फुगू लागते, तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. पुरुषांमध्ये हा फुगवटा ५.५ सेंटिमीटरांपर्यंत पोहोचला, की तो फुटण्याचा धोका ओळखून दुरुस्तीचा विचार होतो. १९९० मध्ये ब्यूनोस आयर्स येथे शल्यविशारद हुआन परोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट आत नेऊन बसविला. पुढे ही पद्धत जगभर रुजली.

जखम लहान आणि रुग्णालयातील मुक्काम थोडा. परंतु या व्यवहाराचा काही खर्च मूत्रपिंडांच्या खाती पडू शकतो. मूत्रपिंडांच्या धमन्या बहुधा फुगवट्याच्या किंचित वरून निघतात. ग्राफ्ट जरा वर बसला, तर त्यांची तोंडे झाकली जाऊ शकतात. नेमकी जागा दिसावी म्हणून टोचलेले आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टही आधीच दुबळ्या मूत्रपिंडांवर भार टाकू शकते.

म्हणून क्रिएटिनिन आधी तपासतात, कॉन्ट्रास्ट बेताने वापरतात, शरीरात पाणी कमी पडू देत नाहीत. काही रुग्णांत कॉन्ट्रास्टऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूचाही उपयोग होतो.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, सांधेदुखीच्या गोळ्या, चालू असलेला उपवास, सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम हे सारे कुटुंबीयांनी डॉक्टरांना आधीच सांगावे. संकोचापोटी राहिलेली नोंद पुढे महागात पडते.

शस्त्रक्रियेनंतरही हे खाते बंद होत नाही. ग्राफ्ट आणि मूत्रपिंडे या दोहोंची तपासणी नियमाने चालू ठेवावी लागते.