बलाढ्य पाहुणा

परग्रहांवरील प्राण्यांच्या आणि अंतराळयानांच्या कथा मुलांना अतिशय प्रिय असतात. वडीलधाऱ्यांना मात्र त्या बहुधा वेळेचा अपव्यय वाटतात. टोकदार कानांची माणसे, निमिषार्धात एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे धावणारी याने, प्रकाशाच्या शलाकांनी लढली जाणारी युद्धे, यांतून मुलांनी शिकावयाचे ते काय, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न अगदीच गैर नाही. परंतु अशा कथांची पारख यानांच्या वेगावरून किंवा प्राण्यांच्या चित्रविचित्र रूपांवरून करणे म्हणजे फणसाची पारख त्याच्या काट्यांवरून करणे होय. बलवान परका दुर्बळाच्या दारी येतो तेव्हा त्याने कसे वागावे, हा या कथांतील चांगल्या कथांचा खरा विषय असतो. आणि हा विषय ज्यांना पडद्यावरून शिकावा लागत नाही, अशा भूभागांपैकी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा एक आहे.

या प्रकारच्या मालिकांत ‘स्टार ट्रेक’ हिचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. जीन रॉडनबेरी या लेखकाने कल्पिलेली ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तीन वर्षांत तिचे ७९ भाग झाले. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवरून ती भारतातही पाहावयास मिळाली. ‘एंटरप्राइझ’ नावाचे यान, त्याचा धाडसी कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक ही तिची मुख्य पात्रे. स्पॉकचा पिता परग्रहावरचा, माता पृथ्वीवरची. त्यामुळे दोन्हीकडे तो थोडासा परकाच. अमेरिका व रशिया यांच्यातील वैर ऐन भरात असताना या यानावर एक रशियन तरुण निर्धास्तपणे काम करतो आणि संदेशवहनाचे उत्तरदायित्व एका आफ्रिकी स्त्रीकडे असते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तिच्यातील विज्ञानाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा आपल्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या ‘व्हॉयेजर–१’ या यानाच्या वेगाने तेवढे अंतर कापावयाचे म्हटले, तर सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. मालिकेतील यानाला तेच काम जेवणाच्या दोन वेळांमध्ये उरकते! यान प्रत्येक ग्रहावर उतरविण्याची दृश्ये खर्चाची होती, म्हणून माणसे यानात अदृश्य होतात व ग्रहावर प्रकट होतात अशी युक्ती योजण्यात आली. आणि पैशाच्या टंचाईतून जन्मलेली ही युक्तीच पुढे मालिकेची ओळख होऊन बसली. परग्रहवासी अद्याप कोणाला भेटलेले नाहीत. तेव्हा पडद्यावरचा प्रत्येक परग्रहवासी हा माणसाच्याच मातीचा घडविलेला असणार, हे उघड आहे.

या मालिकेची खरी थोरवी तिच्या एका नियमात आहे. अधिक प्रगत लोकांनी अप्रगत लोकांच्या जीवनक्रमात ढवळाढवळ करू नये, मग हेतू कितीही चांगला असो, असा हा नियम १९६७ मधील एका भागात प्रथम सांगितला गेला. यानावरील लोक त्याला आपला आद्य नियम मानतात. ज्याच्या हाती शक्ती आहे त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतलेले हे बंधन आहे, आणि अशी बंधने इतिहासात विरळाच आढळतात.

त्याच वर्षीच्या आणखी एका भागाची कथा सांगण्यासारखी आहे. एका ओसाड ग्रहाच्या पोटात खाणी आहेत. तेथील खनिजावर अनेक ग्रहांची विद्युत्केंद्रे चालतात. एक अज्ञात प्राणी भुयारांतून येतो आणि खाणकामगारांना ठार करतो. त्या राक्षसाला मारावे, म्हणून कप्तानाला पाचारण केले जाते. हा प्राणी खडकासारखा, खडक वितळवून त्यातून वाट काढणारा. त्याचे नाव होर्टा. पुढे स्पॉक आपल्या मनाने त्याच्या मनाला स्पर्श करतो आणि त्याची वेदना सर्वांना कळते. खाणीत सापडलेले हजारो गुळगुळीत गोळे कामगारांनी निरुपयोगी दगड समजून फोडून टाकलेले असतात. ते दगड नसून त्या प्राण्याची अंडी असतात! राक्षस समजला जात होता तो प्राणी म्हणजे आपल्या पिलांचे रक्षण करणारी माता. यानंतर खाण बंद पडत नाही, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. उभयतांमध्ये करार होतो. पिले आपल्या स्वभावानुसार भुयारे खणतील आणि माणसे त्यांतील खनिज घेतील. वीज मिळते, आणि घर ज्याचे त्याचे राहते.

मुठा गावचे लोक ही कथा पाहतील तर त्यांना ती फारशी दूरची वाटणार नाही. त्यांच्याच तालुक्यात, डोंगरापलीकडच्या मुळा नदीच्या खोऱ्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी असेच घडले होते. टाटांच्या वीज कंपनीने तेथे धरण बांधण्याचे योजिले. पाणी अडवावयाचे, ते सह्याद्रीच्या पश्चिम अंगास भिरा येथे खाली सोडावयाचे आणि त्यातून निघणारी वीज मुंबईला न्यावयाची, अशी ती योजना. सुमारे पन्नास गावांच्या जमिनी तीत जाणार होत्या. मालकांना पूर्वसूचना न देता शेतांत चर खणले गेले आणि असंतोषाला तोंड फुटले. आंबेमोहोराच्या भातखाचरांवर पिढ्यान् पिढ्या जगलेले मावळे १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रहाला बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. त्यांचे पुढारपण करणाऱ्या पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. बापटांना तुरुंगवास घडला, इतर अनेकांनाही घडला. तरी धरण झालेच.

त्या विजेचा उपयोग झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईचे उद्योग तिच्यावर चालले, हजारो हातांना काम मिळाले. खुद्द मुठा नदीही टेमघर येथे अडविलेली आहे आणि तिचे पाणी खडकवासल्यावाटे पुणे शहराची तहान भागविते. परंतु खाणीच्या कथेत जो क्षण आहे, समोरच्याची वेदना समजून घेण्यासाठी थांबण्याचा, तो क्षण मुळशीच्या वाट्याला आला नाही. शेतकऱ्यांची गणना अडथळ्यांत झाली. कंपनीसाठी सरकारने जमीन घेतली, ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने; म्हणजे नियम तेथेही होता, पण तो बलवानाच्या सोयीचा.

‘स्टार ट्रेक’चे कर्तेही आपला नियम नेहमी पाळतात असे नाही. कप्तान कर्क तो वरचेवर मोडतो आणि कथाकार त्याला बहुधा सहज क्षमा करतो, हा या मालिकेचा मोठाच दोष म्हटला पाहिजे. १९६८ मधील एका भागात मात्र तिने स्वतःला सुटका ठेवलेली नाही. एका शांत ग्रहावरील गावकऱ्यांना क्लिंगॉन हे शत्रू बंदुका पुरवितात. तेव्हा समतोल राखण्यासाठी कर्क डोंगराळ भागातील लोकांना तशाच बंदुका देण्याचे ठरवितो. आपण काय करीत आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते आणि तो खिन्न होतो. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. प्रेक्षकांना निराळे स्पष्टीकरण नको होते. या क्लिंगॉनांना मालिकेने प्रथम एकाच काळ्या रंगाने रंगविले होते. पुढे १९८७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत त्यांच्यापैकीच एक जण त्याच नावाच्या यानावर अधिकारी म्हणून दिसतो, हे बरे झाले.

मराठीत या विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती जयंत नारळीकर यांनी. कथेतील विज्ञान खोटे असू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत भूगर्भात दडलेली एका पुरातन प्रगत संस्कृतीची ज्ञानमंजूषा सापडते आणि तिच्यातील विद्येच्या आधारे बुद्धिमान यंत्र निर्माण होते. येथे कोणी आक्रमण करून येत नाही. देणगीच संकट होऊन बसते. आयते मिळालेले सामर्थ्य पेलण्याची पात्रता घेणाऱ्याजवळ आहे काय, हा तिच्यातील प्रश्न आद्य नियमाचीच दुसरी बाजू आहे. नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या लेखकाने परग्रहावरचे यान न्यूयॉर्कला किंवा लंडनला न उतरविता मुठा गावच्या शिवारात उतरवून पाहावे. दिवस आषाढाचे असावेत, खाचरांत भाताची लावणी नुकतीच झालेली असावी. यानाचे दार उघडेल, तेजस्वी पाहुणे पायऱ्या उतरतील, आणि डोक्यावर इरले घेतलेला शेतकरी चिखलात मोडून पडलेल्या रोपांकडे पाहत त्यांना पहिला प्रश्न विचारील: “कोणाला विचारून उतरलात?”