पडायचीच आहे, म्हणून?



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. चौथीतला एक मुलगा सारखा बाकावर डोके टेकून बसायचा. बाईंनी डायरीत दोनदा शेरा लिहिला, 'वर्गात लक्ष नसते.' तिसऱ्यांदा त्याला आमच्यासमोर आणले. आम्हीही रागावलो. पोर डबाच उघडत नाही, हे लक्षात आले ते आमच्या सेविका मावशींच्या. त्यांनी जवळ घेऊन विचारले तेव्हा गाल धरून रडू लागला. तीन आठवडे दाढ दुखत होती. घरी लवंग धरायला देत होते आणि समजावत होते, "दुधाची आहे, पडायचीच आहे."

डायरीतला शेरा आम्ही खोडला. त्या तीन आठवड्यांचे काय?

'पडायचीच आहे' हे आम्ही घरोघरी ऐकतो. आमच्या स्वतःच्या घरीही ऐकले आहे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आणि मुलाला जेवायचे त्यांनीच असते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे कळतच नाही, आणि आपण तिलाही दुधाचीच समजतो. ती गेली की गेली.

पालकांना दोष देणे सोपे आहे. या मुलाचे वडील रोजंदारीवर जातात. खासगी दवाखान्यात दाढ वाचवायचा खर्च आणि फेऱ्या ऐकून ते परत आले. दाढ काढून टाकणे एका दिवसाचे काम. शेवटी तेच झाले. आपल्या इंदूरला १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, एम. वाय. रुग्णालयाजवळच. एम. वाय. सगळ्यांना ठाऊक, हे कित्येकांना नाही. पण सरकारी दवाखान्याची वेळ सकाळची, म्हणजे नेमकी शाळेची. एका फेरीत एक दिवस मुलाची शाळा आणि बापाची मजुरी बुडते. बापाच्या मजुरीचे आमच्या हातात काही नाही. शाळेचे आहे. दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी दाखवली, तर त्या दिवसाची गैरहजेरी आम्ही धरणार नाही.

वाढदिवसाला वर्गात टॉफ्या वाटणे मात्र बंद. गोड सोडा, असे इंदूरकराला सांगण्याची आमची छाती नाही. पोह्यांबरोबरची जिलेबी आम्हीही सोडलेली नाही. पण दिवसभर दाताला चिकटून राहणारी टॉफी वेगळी. आणि रात्री दात घासल्याशिवाय मुलाला झोपू देऊ नका. हात अजून लहान असतात, तेव्हा सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईने किंवा बाबांनी फिरवावा.

येत्या सोमवारी पहिली-दुसरीच्या बाई टॉर्च घेऊन मुलांचे दात बघतील. आम्ही डॉक्टर नाही, पण काळा खड्डा आम्हालाही दिसतो. दिसला तर डायरीत चिठ्ठी येईल. कृपया तिला शेरा समजू नये.