लातूर-नांदेडची पोरं संशोधन-जहाजाच्या डेकवर हवीत

प्रति,
माननीय सचिव,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली



लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते एप्रिल २०१६ मध्ये. पहिल्या ‘जलदूत’ गाडीला दहा टाकीच्या वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. त्याआधीचे २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे देशभर तुटीचे गेले होते. २०१५ मध्ये प्रशांत महासागरात एल निनो जोरात होता. ज्या जिल्ह्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेलाही नसतो, त्या जिल्ह्याचं पाणी कुठल्यातरी समुद्राच्या तापण्यावर अवलंबून असतं, हे त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांच्याही कानावर आलं.

समुद्र किती तापला हे उपग्रहाला दिसतं, पण फक्त वरवरचं. शंभर, पाचशे, दोन हजार मीटर खाली काय चाललंय हे कळायला पाण्यात यंत्र सोडावं लागतं आणि त्यासाठी जहाज न्यावं लागतं. आपल्या मंत्रालयाच्या ताफ्यातली ‘सागर कन्या’ १९८३ मध्ये हे काम करू लागली. ‘सागर निधी’ त्यानंतर पाव शतकाने आली. या जहाजांवरच्या शास्त्रज्ञांविषयी अधूनमधून छापून येतं. यंत्र प्रत्यक्ष पाण्यात सोडणाऱ्या आणि सुखरूप वर घेणाऱ्या खलाशांविषयी मात्र मराठवाड्यातल्या एखाद्या आयटीआयच्या फलकावर कधी चिठोरंही लागत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

काम कसलं, ते जवळून पाहायला हवं. सीटीडी नावाचं यंत्र म्हणजे पोलादी चौकटीत गोलाकार उभ्या केलेल्या बाटल्या आणि तळाशी तापमान, क्षारता व दाब टिपणारे संवेदक. हे धूड डेकवरून उचललं, की जहाजाच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी झोके घेऊ लागतं. दोन बाजूंना दोन खलाशी दोर ताणून ते धरतात. त्या दोराला टॅग लाइन म्हणतात. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, कठड्याशी उभा असतो. वाऱ्यात आणि इंजिनाच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही, म्हणून तो हातानेच बोलतो. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, मूठ आवळली की जागच्या जागी थांब. यंत्राची तार सोडणारं-गुंडाळणारं विंच चालवणाऱ्याची नजर त्या हातावरून हलत नाही. सेकंदाला मीटरभर वेगाने चार हजार मीटर खाली जायला तासाहून जास्त वेळ लागतो. वर येताना ठरलेल्या प्रत्येक खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करत यायचं. जहाजाचा दिवसाचा खर्च मोठा असल्यामुळे हे रात्री दोन वाजताही चालतं, पावसातही चालतं.

यात जीव जातो. १८७२ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीपासून आधुनिक समुद्रविज्ञान सुरू झालं असं मानतात. त्या सफरीत १८७३ मध्ये विल्यम स्टोक्स नावाचा पोरगेला खलाशी मेला, कारण तळ खरवडणाऱ्या जाळ्याच्या दोराचा ताण न सोसून लोखंडी कप्पी निसटली आणि त्याला लागली. आज दोरांच्या जागी पोलादी तारा आल्या, डोक्यावर हेल्मेट आलं, अंगावर लाइफ जॅकेट आलं. ताणलेली तार तुटली तर ती कुठे झेपावेल हे ओळखून तिथे उभं न राहणं, हे अजूनही खलाशालाच शिकावं लागतं.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. समुद्रतळाची पाहणी करणारं ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाज १८८१ साली मुंबईच्याच गोदीत बांधलं गेलं. स्वातंत्र्यानंतर, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि गोव्यात दोनापावलाला वसली. तिच्यासाठी गाळ वाहणाऱ्या एका बार्जचं रूपांतर करून ‘गवेषणी’ हे जहाज १९७६ मध्ये सज्ज झालं. २६ जानेवारी १९८१ रोजी या ‘गवेषणी’ने समुद्रतळावरून बहुधात्विक गोळे वर आणले. पुढे १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत समुद्रतळावरच्या खनिजांसाठी भारताला अग्रणी गुंतवणूकदार देशाचा दर्जा मिळाला, त्याच्या मुळाशी असलं काम होतं. ते गोळे वर आले तेव्हा विंचवर कोण होतं, हे मात्र कुणाच्या स्मरणात नाही. संशोधनाच्या अहवालांत शास्त्रज्ञांची नावं असतात, कप्तानाचंही असतं. डेकवरच्या मंडळींची बोळवण बऱ्याचदा ‘सर्व कर्मचाऱ्यांचे आभार’ एवढ्यावर होते. हे बदलायला पैसा लागत नाही.

आता नांदेड-लातूरचं काय? कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जाणारी घरं आहेत. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, कसं काढायचं, वैद्यकीय तपासणी कुठे होते, हे तिथल्या पोराला मामा सांगतो, शेजारचा निवृत्त सारंग सांगतो. मराठवाड्यातल्या पोराला हे सांगणारं माणूसच नाही. खरं तर दरवाजा फार उंच नाही. दहावीला विज्ञान, गणित, इंग्रजी असावं, एकूण आणि इंग्रजीत चाळीस टक्के असावेत, वय साधारण साडेसतरा ते पंचवीस, नजर चांगली आणि रंग ओळखता येणारी. त्यानंतर सहा महिन्यांचा मान्यताप्राप्त जीपी रेटिंग (खलाशी प्रशिक्षण) अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा. मग शिकाऊ, मग ओएस (साधा खलाशी), मग एबी (निष्णात खलाशी). पुरेशी सागरी सेवा आणि परीक्षा झाल्या तर मेट, म्हणजे जहाजावरचा अधिकारी, होण्याची वाटही बंद नाही.

माहिती नसली की दलाल येतो. मर्चंट नेव्हीत लावतो म्हणून लाखांनी पैसे घेणारे लोक अशाच गावांत फिरतात, कारण इथल्या बापाला परवानाधारक संस्था आणि भामटा यांतला फरक कुणी सांगितलेला नसतो. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाने बंद आहे, एवढं एक वाक्य जरी सरकारी शिक्क्यानिशी तालुक्याच्या ठिकाणी लागलं, तरी काही घरांची जमीन विकायची वाचेल.

परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ देशाला ठाऊक आहे, पण तो ज्यांना मेडिकलपर्यंत पोहोचवतो त्यांच्यापेक्षा ज्यांना पोहोचवत नाही त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्या मुलांचे हात रिकामे नाहीत. आठशे-हजार फुटांच्या बोअरमधून मोटार काढताना लातूरच्या बांधावर काय चालतं ते पाहावं: तिकाटणं, चेनकप्पी, पाइपाचा एकेक नग उचलून आवळायचा, खाली लटकलेलं वजन एकदाही सुटू द्यायचं नाही आणि वरचा माणूस ओरडण्याऐवजी हात वर करतो. सीटीडीच्या डेकवर याहून फार वेगळं काही घडत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयात होडी घालणारे भोई आहेत, त्यांना पाण्याची भीती नाही. फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक झालेली पोरं दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

एक नातं आणखी आहे. लातूरची मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, नांदेडचे घाट धुऊन आलेली गोदावरी आधीच तिथे असते, आणि ते सगळं पाणी आंध्रात बंगालच्या उपसागरात जातं. या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग उबदार राहतो आणि पावसाच्या प्रणालींना ऊब पुरवतो. सर्वांत मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा, पण गोदावरीचाही आहेच. आपली जहाजं तिथे क्षारता मोजतात तेव्हा या दोन जिल्ह्यांवर पडलेल्या पावसाचाही हिशेब त्यात असतो.

म्हणून मागणं असं. जहाजं चालवण्याचं आणि त्यांवर माणसं नेमण्याचं काम आपण निविदा काढून व्यवस्थापन कंपन्यांना देता. त्या करारात प्रत्येक जहाजावर काही शिकाऊ जागा समुद्रापासून दूरच्या, दुष्काळी जिल्ह्यांतल्या प्रमाणपत्रधारक मुलामुलींसाठी ठेवण्याचं कलम घालावं. पात्रता सैल करावी असं कुणी म्हणत नाही. अभ्यासक्रमाची फी लहान शेतकऱ्याला पेलत नाही, तिथे शिष्यवृत्तीची सोय बंदरे व नौवहन खात्याशी बोलून करावी. आणि हैदराबादची आपली ‘इन्कॉइस’ ही महासागर माहिती सेवा संस्था नांदेडपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा एखाद्या बोसनला सोबत घेऊन नांदेड आणि लातूरच्या आयटीआयमध्ये यावं.

त्या भेटीत गोड चित्र रंगवू नये. महिनोन्‌महिने घर नाही, मोबाइलला रेंज नाही, सुरुवातीचे दिवस उलट्यांत जातात, नोकरी बहुधा कराराची असते आणि दोन करारांच्या मधे घरी बसावं लागतं. हे ऐकूनही जे हात वर करतील तेच डेकवर टिकतील.

वेळही बरी आहे. डीप ओशन मिशनला जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटींची मंजुरी मिळाली, आणि ‘मत्स्य ६०००’ ही माणसांना घेऊन सहा हजार मीटर खाली जाणारी पाणबुडी त्यातून घडते आहे. गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रासाठी नव्या संशोधन-जहाजाचा करार जुलै २०२४ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीशी झाला. त्या जहाजावर माणसं नेमण्याच्या निविदेचा मसुदा आपल्याच खात्यात तयार होईल. हे कलम त्यात बसावं, आणि त्याची प्रत नांदेड व लातूरच्या आयटीआय प्राचार्यांना मराठीतून पाठवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
मराठवाड्यातील एक नागरिक