उपहास नव्हे, टवाळी

सिगारेटचं कागदी पाकीट खिशात चुरगळू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. 1880च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी त्यावर चित्रं छापायचा सपाटा लावला. नट्या, पक्षी, बेसबॉलपटू आणि पुष्कळशी विनोदी चित्रं. या विनोदी कार्डांना ‘सामाजिक उपहास’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही.

ड्यूक या अमेरिकी तंबाखू कंपनीने 1888-89च्या सुमारास तंबाखूबरोबर दिलेली ‘टेरर्स ऑफ अमेरिका’ ही मालिका घ्या. व्रात्य पोरं मोठ्यांची फजिती करताहेत. शिळाछपाई इतकी सुरेख की कार्ड हातातून खाली ठेववत नाही. त्याच सुमारास त्याच कंपनीने गरिबीतून श्रीमंत झालेल्या मुलांच्या चिमुकल्या चरित्रपुस्तिका काढल्या. म्हणजे पोरगा एकतर वात्रट, नाहीतर उद्याचा धनाढ्य. तंबाखूच्या कारखान्यात राबणारं पोर यात कुठेच नाही.

त्या कारखान्यांत तेव्हा केवढी उलथापालथ चालली होती! चांगला कारागीर दिवसभरात जेमतेम 3,000 सिगारेटी वळायचा. ड्यूकने आपल्या डरहॅमच्या कारखान्यात बसवलेलं बॉन्सॅकचं सिगारेटी वळणारं यंत्र दहा तासांत 1,20,000 काढू लागलं. वळणाऱ्यांचं काम गेलं. यावरचं एकही कार्ड माझ्या पाहण्यात नाही. काळ्या माणसांची विद्रूप चित्रं मात्र त्या काळच्या तंबाखूच्या जाहिरातींत आणि कार्डांत पदोपदी भेटतात. पानांच्या शिरा काढून तंबाखू तयार करणारे हात बहुतेक त्यांचेच होते. ज्याच्या घामावर धंदा उभा, त्याचंच तोंड वेडंवाकडं काढायचं, याला मी टवाळी म्हणतो, आणि ती चीड आणणारी आहे.

उपहास कसा असतो ते त्याच काळात ‘पक’ या अमेरिकी व्यंगचित्र साप्ताहिकाने दाखवलं. जानेवारी 1889मध्ये त्यात व्यंगचित्रकार जोसेफ केप्लरने अमेरिकी सिनेटचं सभागृह काढलं: सिनेटर इवलेसे, आणि त्यांच्या पाठीमागे पैशांच्या थैल्यांसारखी पोटं सुटलेले अवाढव्य ट्रस्ट, म्हणजे बाजार मुठीत ठेवणारे मक्तेदार उद्योगसमूह. तेही रंगीत शिळाछपाईचंच काम.

पुढच्याच वर्षी, 1890मध्ये, ड्यूक, ॲलन अँड गिंटर, किनी, किंबॉल आणि गुडविन या पाच कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली. थैलीवाल्यांत आणखी एकाची भर पडली. चित्रं होती ती गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायला; ते दुसऱ्याकडे जाण्याची धास्ती उरली नाही, तशी पाकिटातली चित्रंही आटत गेली.