किडनी काढली तरी फाईल जपून ठेवा

किडनीचा, म्हणजे मूत्रपिंडाचा कॅन्सर हा मोठा लबाड आजार आहे. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि पोटात गाठ ही त्याची पुस्तकातली लक्षणे. पण तिन्ही एकत्र असलेला रोगी क्वचितच भेटतो. पुष्कळदा रोग भलत्याच ठिकाणी डोके वर काढतो आणि तेही कधी कधी किडनी काढल्यावर दहा वर्षांनी!

या गाठीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. तिच्यातल्या पेशी रक्तावाटे फुप्फुस, हाडे, लिव्हर, मेंदू येथे जाऊन बसतात. मग खांदा किंवा पाठ दुखते. ट्रॉम्बे-मानखुर्दकडे ओझी उचलणाऱ्या माणसाची पाठ दुखली तर नवल कसले? बाम चोळतात, गोळी घेतात. परंतु रात्री आडवे पडूनही न थांबणारे, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे कष्टाचे समजून अंगावर काढू नये. त्याबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

खोकल्यातून रक्त आले की पहिली शंका टीबीची. ती रास्तच आहे, थुंकी तपासावीच. पण जुने ऑपरेशनही सांगावे. याहून विचित्र म्हणजे डोक्याच्या कातडीवर लालसर गाठ येते, हिरडीवर मांस वाढते, नाकातून वारंवार रक्त येते. अशी गाठ कापताना रक्त जोरात वाहू शकते, म्हणून दातांच्या डॉक्टरलाही ऑपरेशनची माहिती हवी. पुरुषांत कधी अंडकोशावरच्या शिरा एकाएकी फुगतात व झोपल्यावरही उतरत नाहीत. हे सांगायला लाजू नये.

घरच्यांची खरी फसगत वेगळीच. माणसाला सारखी तहान लागते, शौचाला होत नाही, मळमळते, मग तो असंबद्ध बोलू लागतो. शेजारी म्हणतात, बाहेरचे झाले! बाहेरचे काही नसते. रक्तातले कॅल्शियम वाढल्यानेही असे होते. रक्ताच्या तपासणीत ते कळते आणि सलाईन व औषधांनी उतरवता येते. गंडादोरा बांधण्यात मात्र वेळ जातो, तोच जिवावर बेततो.

यातले प्रत्येक लक्षण साध्या कारणानेही होते, उगाच घाबरू नये. पण नवा डॉक्टर विचारतो, "पूर्वी काही आजार?" आणि आपण म्हणतो, "काही नाही." किडनी काढली, विषय संपला, असे धरून चालतो. डॉक्टरांपुढे पहिले वाक्य हेच हवे: "कॅन्सरसाठी माझी किडनी अमुक साली काढली आहे."

रोग पसरला तरी उपाय असतात. एकटी गाठ कधी काढता येते, गोळ्या व इंजेक्शने आहेत, हाडाचे दुखणे किरणोपचाराने कमी होते. त्यासाठीचे 'भाभाट्रॉन' यंत्र तर ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात घडले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. परळचे टाटा इस्पितळ 1941 पासून चालू आहे. मानखुर्दहून हार्बर गाडीने शिवडीला उतरता येते. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि ती जुनी फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावी.