शत्रूच्या वखारी, स्वकीयांची मक्तेदारी

युद्धकाळात देशभक्तीची भाषा सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांत व्यापारी वर्ग नेहमीच आघाडीवर असतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याने नायजेरियातील जर्मन पेढ्यांबाबत स्वीकारलेले धोरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

१९१४ पूर्वी तेथील शेतकरी पामच्या फळांतील ज्या बिया विकत, त्यांतील बहुतेक हॅम्बुर्गला जात. तेथील गिरण्यांत त्यांचे तेल निघे, त्यापासून मार्गारीन व साबण तयार होई आणि पेंड जर्मन गुरांना मिळे. वसाहत ब्रिटिशांची, पण तिच्या मालाचे मोठे गिऱ्हाईक जर्मन, ही गोष्ट ब्रिटिश कंपन्यांना सलत होती. युद्ध सुरू होताच जर्मन पेढ्या बंद झाल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, बाजारातील मोठा ग्राहक नाहीसा झाला.

पुढे या पेढ्यांच्या मालमत्तेचा लिलाव निघाला. ८ नोव्हेंबर १९१६ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर वादळी चर्चा झाली. मालमत्ता केवळ ब्रिटिशांनाच विकावी, अशी कार्सन यांच्या गटाची मागणी होती. वसाहतमंत्री बोनार लॉ यांनी तिला विरोध केला. बोली ब्रिटिशांपुरती मर्यादित केली, तर मूठभर कंपन्यांचे कडे सर्व काही स्वस्तात गिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार २३१ विरुद्ध ११७ मतांनी तरले. पण लॉ यांच्या हुजूर पक्षात उभी फूट पडली आणि महिन्याभरात ॲस्क्विथ मंत्रिमंडळ कोसळले. ज्याच्या घामावर हा व्यापार उभा होता, त्या आफ्रिकी शेतकऱ्याला मात्र या मतदानात स्थान नव्हते.

सरकारची ही खुल्या बाजाराची निष्ठाही टिकली नाही. १९१९ मध्ये ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेतून साम्राज्याबाहेर जाणाऱ्या पामबियांवर टनामागे २ पौंड निर्यातकर बसविण्यात आला. त्याच वर्षी हिंदुस्थानातील कच्च्या कातड्यांवरही १५ टक्के निर्यातकर आला आणि साम्राज्यात कमावल्या जाणाऱ्या मालाला त्यात दोन-तृतीयांश सूट मिळाली. कातड्यांच्या व्यापारातही युद्धापूर्वी जर्मन पेढ्यांचेच वर्चस्व होते. युद्ध संपले होते. शत्रुत्वाचा व्यापारी उपयोग संपला नव्हता.

पामबियांवरील कर १९२२ मध्ये उठला, परंतु बाजाराची रचना बदलत चालली होती. साबण कारखानदार लीव्हर यांनी १९२० मध्ये नायजर कंपनी विकत घेतली आणि १९२९ मध्ये विलीनीकरणातून प्रचंड युनायटेड आफ्रिका कंपनी उभी राहिली. त्याच वर्षाअखेर आग्नेय नायजेरियातील स्त्रिया कराच्या धास्तीने आणि पाममालाच्या पडत्या भावाने संतप्त होऊन रस्त्यावर आल्या. युरोपीय पेढ्यांची दुकानेही त्यांच्या रोषातून सुटली नाहीत. गोळीबारात पन्नासाहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या.

जर्मन व्यापारी आफ्रिकेचा मित्र होता, असा याचा अर्थ नव्हे. तोही नफ्यासाठीच आला होता. परंतु दोन शोषकांच्या स्पर्धेत उत्पादकाला घासाघीस करण्यापुरती जी जागा होती, तीही युद्धाच्या नावाखाली हिरावली गेली. ती जागा कोणा परक्या गिऱ्हाइकाच्या कृपेवर अवलंबून असणे हीच खरी दुर्बलता होय. उत्पादकांची स्वतःची संघटना आणि सहकारी विक्रीव्यवस्था असल्याखेरीज ती दूर होत नाही. म्हणून शत्रूच्या मालावर बहिष्काराची हाक उठते, तेव्हा कार्यकर्त्याने प्रथम विचारावे: रिकामी झालेली वखार कोणाच्या ताब्यात जाणार आहे?